पश्चिमेची भिंत

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या मुलाच्या, केतनच्या, कंपनीने दिलेली गेल्या वर्षीची डायरी कपाटात कोरीच पडून होती, ती मी घेतली. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. अठ्ठावीस वर्षं नवापूरच्या बालवाडीत हजेरीपुस्तक भरलं, त्यामुळे काहीतरी लिहिल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षं वाण्याच्या यादीवर हौस भागवली.

ह्यांचं वर्षश्राद्ध परवा झालं. आता घराला हात लावायला हरकत नाही, असं सगळेच म्हणाले. रिद्धीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, डोक्यात गेले सहा महिने एकच गोष्ट आहे. समुद्राकडच्या दोन खोल्या सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायच्या. ती म्हणते, "आई, नुसता समुद्र काय, कुठेही दिसतो. समुद्राकडे बघत बसायला छान जागा पाहिजे." ती छान जागा करायचं काम तिने माझ्यावर सोपवलंय. मी वरवर "बघू" म्हटलं. आतून नाचावंसं वाटत होतं.

पस्तीस वर्षं या परसाकडे बघत मी मनात बाग लावली आहे. प्रत्यक्षात तिथे जाळी, दोऱ्या आणि बोंबील वाळवायच्या काठ्या. ह्यांना, आमच्या महादूरावांना, फुलं देवाला लागतात, एवढंच ठाऊक होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बोईसरला जाऊन आले. येताना रिक्षात पायाशी पांढऱ्या गोट्यांची दोन पोती आणि मांडीवर मातीचा बेडूक. बेडूक घ्यायचा नव्हता, पण तो सारखा माझ्याकडेच बघत होता. केतन म्हणाला, "आई, पावसात इथे खरे पन्नास येतात, ते काय वाईट होते?" केतनला कारखान्याच्या पाळ्यांमुळे झोप कमी मिळते, म्हणून मी त्याचं बोलणं मनावर घेत नाही.

फाटकापासून ओट्यापर्यंत गोट्यांची वळणावळणाची वाट करायची. सरळ केली तर बाग लवकर संपते. सासूबाईंचं दगडी उखळ पाणी भरून पाखरांना ठेवायचं. ह्यांच्या जाळ्याचे मोठे बोये, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे गोळे, अर्धे कापून, रंगवून, त्यात सदाफुली, कारण खाऱ्या वाऱ्यात तीच एक निर्लज्जासारखी फुलते. जुन्या होडीच्या फळीचा झोपाळा. ओट्याच्या वाशांना शिंपल्यांच्या माळा.

दुपारी ओट्यावर डोळा लागला. झोपेत बाग तयार होती, गोट्यांवरून चालताना आवाज होत नव्हता, आणि हे उखळाशी उकिडवे बसून बालदीत काहीतरी ढवळत होते. मी विचारलं, काय करताय? त्यांनी मान वर केली नाही. जाग आली तेव्हा समुद्रावर ऊन इतकं पसरलं होतं की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज भिंतीचा विषय निघाला. पश्चिमेची भिंत, समुद्राकडची, बागेच्या मागे पडद्यासारखी उभी असलेली. पावसाने ती काळीहिरवी झाली आहे.

या भिंतीवरून आमचं दरवर्षी वाजायचं. पाऊस गेला की दिवाळीच्या आत हे तिला चुना काढायचे. घराच्या बाकी तीन बाजू पोपडे धरून तशाच. रस्त्याकडची बाजू, जिथून माणसं येतात, ती काळी राहिली तरी चालेल, पण ही पांढरीशुभ्र पाहिजे. मी म्हणायचे, तोंड न धुता पाठीला पावडर लावण्यातला प्रकार आहे हा. हे हसायचे. "दर्याला दिसते ना, बस झालं."

गेल्या वर्षी तर कमाल केली. दम लागत होता, तरी स्टुलावर बसून कुंचला फिरवत होते. हात पुरेना तिथे कुंचल्याला काठी बांधली. मी नको नको ते बोलले. दिवाळीनंतर दवाखान्यात ठेवलं, तिथे तापात दोनदा विचारलं, "चुना भिजवला कं?" मी "हो" म्हटलं. सगळं झालेलं आहे, झोपा. तापात माणूस काहीही बोलतो.

ते जाऊ दे. रिद्धीने मोबाईलवर दाखवलं, गेरूच्या भिंतीवर वारली चित्रं. पाहुण्यांना फोटोसाठी तेच हवं असतं म्हणे. मलाही आवडलं. मासवणकडची सोमी म्हणून एक बाई आहे, ती चांगलं काढते, असं केतनच्या मित्राने सांगितलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चुन्यावरून आठवलं. भिंत झाली की दोन-तीन दिवसांत मागच्या ओट्यावर केळीच्या पानाखाली झाकलेली पितळी ताटली यायची. त्यात दोन ताजे सरंगे, म्हणजे पापलेट, कधी रावसाचा तुकडा. कोणी दिलं विचारलं की हे म्हणायचे, "खलाशानं." खलाशाकडे पितळेची ताटली कुठली, असं मी एकदा विचारलंही. आमच्या ताटल्यांसारखीच होती, पण तशा इकडे घरोघरी असतात.

मग हे आपल्या माडावरून नारळ काढायचे. वाण्याकडे नारळ मिळत नसल्यासारखी अख्खी दुपार त्यात घालवायचे. कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये हे मलाही कळतं, पण त्यासाठी झाडावर माणूस चढवायचा? नारळ ताटलीत ठेवून स्वतः नेऊन द्यायचे. मला कधी नेऊ दिलं नाही.

या वर्षी काही आलं नाही. माणूस गेला की खलाशीसुद्धा विसरतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सोमी आली. चाळिशीची असेल, बारीक, कमी बोलणारी, पण बोलली की टोचून. दिवसभर दोघींनी भिंत घासली. तिने गेरूचा पहिला हात दिला आणि मागे सरून उभी राहिली.

"बाय, रस्ता तं तिकडं हाय. ही भित कोन बगंल?"

"पाहुणे बघतील. ख्रिसमसला येतील."

"आनि तवर?"

"तोवर मी बघेन."

तिला हसू आलं. "मंग चांगली काढाया पायजे."

भिंत आता संध्याकाळच्या वाळूसारखी दिसते. मला फार आवडली. खुर्ची टाकून तिच्यासमोर बसले तर उठवेना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तारपा नाच काढून झाला. तांदळाच्या पिठाने सोमीने मधोमध गोल नाच काढलाय, बाजूला मोर, कोपऱ्यात घर. माझ्या आग्रहाने एक होडी. होडीत किती माणसं काढू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दोन. का म्हटलं कोण जाणे.

संध्याकाळी वाळूत बन्सी उभा होता. बन्सी माझा धाकटा दीर, आळीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. सासूबाईंच्या बाराव्याला दोघा भावांचं होडीवरून बिनसलं. ह्यांना होडी विकून मोठी इंजिनाची बोट घ्यायची होती, बन्सीला होडीच हवी होती. शब्दाने शब्द वाढला, आणि अठरा वर्षं दोघे बोलले नाहीत. ह्यांना पोचवायला बन्सी आला होता, पण मागे राहून, आणि तसाच परत गेला. आज तो कमरेवर हात ठेवून आमच्या भिंतीकडे बघत होता, बराच वेळ. नंतर माडाकडे बघितलं, परत भिंतीकडे.

रिद्धी म्हणाली, "काकांना आवडलं वाटतं." मी म्हटलं, आवडत नाही, जळतात. मला थोडं बरंही वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

झोपाळा लागला. फळीला सत्तर वर्षांचं तेल आणि मीठ मुरलंय, बसलं की मासळीचा अगदी पुसट वास येतो. रिद्धी नाक मुरडते, मला चालतो. शिंपल्यांच्या माळा वाऱ्यावर हळूहळू बोलतात. उखळावर आज पहिली चिमणी आली, बेडकाकडे बघून उडाली.

सगळी बाग झाल्यासारखी दिसते आणि तरी काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटतं. रिद्धीच्या मते कारंजं. उन्हावर चालणारं छोटं कारंजं तिने मागवलंय. समुद्र पन्नास पावलांवर, आणि आम्ही त्याच्यासमोर वीतभर पाणी उडवणार. पण चित्रात छान दिसतं. त्याची जागा तिने कुंपणाजवळ, माडाच्या बुंध्याशी ठरवलीय. म्हणजे माड काढावा लागेल. नाहीतरी नारळ पाहुण्यांच्या डोक्यात पडायचा, म्हणते. तेही खरंच.

माड ह्यांच्या आजोबांनी लावलेला. उद्या बोलू म्हटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल सकाळी बन्सीची होडी खडकावर आपटली. धुकं होतं, पण फार नव्हतं. खाडीच्या तोंडाशी, समुद्रातून आत येताना डावीकडे, खडकांची रांग आहे, तिथे. होडीची एक बाजू फुटली, बन्सी पाण्यात पडला, बोया धरून तासभर होता. भाग्येशच्या बोटीने काढला. भाग्येश आमच्या शेजारचा. हाताचं हाड मोडलंय, छातीला मार आहे, पण जिवावरचं टळलं.

आळीत सगळे हळहळले. मी म्हटलं, सहासष्टाव्या वर्षी एकट्याने होडी न्यायचीच कशाला? भाग्येशसारख्या पोरांकडे रस्ता दाखवणारं मशीन आहे, बन्सीकडे नुसता हट्ट. डोळे गेले असतील, कबूल करायचे नाहीत.

भेटायला जावं असं मनात आलं. उंबरठ्यापर्यंत गेले, चपला घातल्या, परत काढल्या. अठरा वर्षांनी गेले आणि त्यांनी तोंड फिरवलं तर?

९ डिसेंबर, मंगळवार

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी माड पाडणारा माणूस आला. दोर, कोयता, करवत. केतन पहिल्या पाळीला गेलेला. रिद्धी त्याला कुठल्या बाजूला पाडायचा ते दाखवत होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि नर्मदा आत आली. नर्मदा म्हणजे बन्सीची बायको, माझी जाऊ. गोट्यांच्या वळणावळणाच्या वाटेने न येता ती सदाफुलीमधून सरळ चालत आली आणि माडाच्या बुंध्याशी खाली बसली.

"वैनी, भित गेली ती गेली. माड तरी राहू द्या."

मला काही कळेना. "माडाचं तुला काय गं?"

"मना काय नाय. त्यांना हाय."

मग तिने सांगितलं. हळू, खाली बघून, जसं काही तिचीच चूक होती. खाडीत शिरताना होडीवाला आमचं घर बघतो. पुढे माड, मागे पांढरी भिंत. माड भिंतीच्या मधोमध दिसला की वाट सरळ. माड उजवीकडे सरकला म्हणजे होडी डावीकडे गेली, आणि डावीकडे खडक. माझ्या सासऱ्यांनी दोघा भावांना लहानपणी होडीत बसवून शिकवलेलं. नंतर बोटीवर मशीन आली, सगळ्यांनी खूण सोडली. ह्यांच्या स्वतःच्या बोटीवरही मशीन होतं. गावात ती भिंत लागणारा माणूस एकच उरला होता.

"भावोजी दर वर्साला चुना काढत," नर्मदा म्हणाली, "म्हनून हे घरी येत."

मी तिच्यासमोर मातीतच बसले.

"मग बोलली का नाहीस? मी गेरू फासत होते तेव्हा यायचं. ते तर वाळूत उभं राहून बघत होते."

"मी बोलले त्यांना, जाऊन सांगा. तं म्हनले, दादानं अठरा वर्सं न सांगता केलं. आता मागून घेवाचं कं?"

माड पाडणाऱ्याला चहा देऊन परत पाठवला. रिद्धी आत निघून गेली होती. नर्मदा उठली, पदर झटकला, आणि जाता जाता झोपाळ्याच्या फळीवर हात ठेवून थांबली. ओळखलं असावं तिने. ती त्यांच्याच जुन्या होडीची फळी आहे, भांडण झालेल्या होडीची. ती होडी शेवटी विकलीच गेली नाही, आमच्या परसात कुजली, आणि बन्सीने दुसरी घेतली.

"चुना भिजवला कं?" असं हे मला विचारत होते. मी "हो" म्हटलं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

भाग्येशला म्हटलं, मला बोटीतून खाडीच्या तोंडापर्यंत ने. तो हसला. "काकी, तुमी? कशाला?" मी म्हटलं, मला माझं घर बघायचंय.

लग्न होऊन पस्तीस वर्षं समुद्राशी राहिले, मासळी निवडली, सुकवली, बाजाराला नेली. समुद्रातून घर कधी बघितलं नव्हतं. आमच्यात बायका बोटीवर जात नाहीत. भाग्येशच्या आईने नाक मुरडलं, पण तो घेऊन गेला.

पाणी सपाट होतं, वर धुक्याचा पातळ पदर. किनारा हळूहळू लांब गेला आणि सगळं गप्प झालं. खडकांच्या पुढे गेल्यावर भाग्येशने इंजिन बंद केलं. "बगा आता."

मी बघितलं. सगळा किनारा म्हणजे एक हिरवा पट्टा, माडांची एकच गर्दी. त्यात माझं घर कुठे आहे ते मला, त्या घरात पस्तीस वर्षं राहिलेल्या बाईला, सापडेना. झोपाळा नाही, गोटे नाहीत, रंगीत बोये नाहीत. तारपा नाच तर नाहीच. गेरूची भिंत मातीत मिसळून गेली होती. भाग्येशने बोट दाखवलं तेव्हा दिसली, तीही दिसली असं मला वाटलं एवढंच.

"पांढरी होती तवा कशी दिसायची रे?"

"तवा?" तो म्हणाला. "तवा तीच पैली दिसायची, काकी. बाकी गाव नंतर."

येताना मी रडले. भाग्येश पुढे बघत राहिला. पोरगा शहाणा आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

घरात अबोला. रिद्धीने भिंतीचे फोटो तीन आठवड्यांपूर्वीच टाकलेत, आणि ते बघूनच ख्रिसमसला तीन कुटुंबं येतायत. "आई, ते फोटोतली भिंत बघायला येतायत," एवढंच म्हणाली. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. घर उभं राहावं म्हणून पोरगी धडपडतेय.

केतन म्हणाला, "बन्सीकाकांना आपण मशीन घेऊन देऊ. भिंत राहू दे." हेही शहाणपणाचं होतं. दिवसभर मी स्वतःला तेच समजावत होते. भाग्येश म्हणाला की त्याने दोनदा काकांना शिकवायचा प्रयत्न केला, त्यांना काचेत बघून होडी हाकता येत नाही, मान वर लागते.

पण खरं कारण ते नाही. मशीन घेऊन दिलं म्हणजे बन्सीचं काम होईल. ह्यांचं अर्धं राहील. दोघे अठरा वर्षं बोलत नव्हते असं मी समजत होते. वर्षातून एकदा का होईना, ते बोलत होते. एक भिंत करायचा, दुसरा ओट्यावर ताटलीत मासळी ठेवायचा; खलाशी कुठला? मी ती मासळी खाल्ली, आणि सरंगा लहान आहे म्हणून कुरकुरलेही असेन.

भिंत पांढरी करायची. रिद्धीला सांगितलं.

१४ डिसेंबर, रविवार

चुना भिजवला. ऐकलंत का?

१६ डिसेंबर, मंगळवार

चुन्यात मीठ आणि चिमूटभर नीळ, हे ह्यांचं ठरलेलं. मी ते कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं, पण हाताला माहीत होतं. सोमीला निरोप पाठवला होता. तिची चित्रं तिला न विचारता पुसायची म्हणजे बरं दिसत नाही.

ती आली, सगळं ऐकून घेतलं, नाचाकडे एकदा बघितलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "आमी लगनाचा चौक काढतो बाय. लगीन झालं का त्याचं काम सरलं. तो काय जपून ठेवाचा असतो?" आणि दुसरा कुंचला उचलला.

गेरू सोपा नाही. पहिल्या हाताला भिंत गुलाबी झाली. दुसऱ्या हातालाही गुलाबी. मी स्टुलावर, सोमी खाली. वर हात पुरेना तेव्हा मी काठी शोधायला कोठीत गेले, तर गेल्या वर्षीचा कुंचला तिथेच होता, ह्यांनी काठीला बांधलेला. गाठ तशीच. मी ती सोडली नाही, तशीच वापरली.

दुपारी तिसरा हात देताना मागे पाऊल वाजलं. रिद्धी. साडी खोचून, हातात बालदी. "आई, तुम्ही खाली उतरा. पडलात तर पाहुण्यांना जेवायला कोण घालेल?" ती स्टुलावर चढली. रागातच होती, पण हात समान चालत होता.

१८ डिसेंबर, गुरुवार

चौथ्या हाताने भिंत पांढरी झाली. सोमीने उरलेल्या गेरूने तळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक रांग काढली. कुंपणाच्या आड आहे, समुद्रातून दिसायची नाही. माणसं, कोंबड्या, एक बेडूक, आणि शेवटी होडी. या खेपेला तिने विचारलं नाही. होडीत एकच माणूस आहे, आणि काठावर एक जण कुंचला घेऊन उभा.

"पाव्हन्यांनी वाकून बगावं," म्हणाली. "फुकट थोडंच हाय."

२७ डिसेंबर, शनिवार

पाहुणे येऊन गेले. आल्या आल्या एका बाईंनी विचारलं, फोटोतली भिंत कुठे? रिद्धीने त्यांना झोपाळ्यावर बसवलं आणि सगळी गोष्ट सांगितली, माड, खडक, दोघं भाऊ. माझ्यापेक्षा छान सांगितली. बाई निघताना वाकून त्या रांगेचे फोटो काढत होत्या. एका कुटुंबाने मात्र पैसे परत मागितले, ते दिले. कारंजं दोन दिवस चाललं, मग त्यात वाळू गेली. बेडकाची सगळ्यांना हौस.

४ जानेवारी, रविवार

बन्सीला भेटायला गेले नाही. नर्मदा विहिरीवर भेटते, हात बरा होतोय म्हणते. होडी दांडी गावात दुरुस्तीला नेलीय. भिंत त्याला घरातून दिसत नाही. कोणी सांगितलं असेल का? मी सांगायला जाणार नाही. ह्यांनी कधी सांगितलं होतं?

उन्हं उतरली की मी झोपाळ्यावर बसते. पांढरी भिंत पाठीशी असली की मावळतीचा उजेड तिच्यावरून परत येतो आणि सगळी बाग आतून उजळल्यासारखी दिसते, शिंपलेसुद्धा. इतकी वर्षं ही भिंत मला मागून काहीतरी देत होती आणि मी रंग शोधत बोईसरभर हिंडले.

३१ जानेवारी, शनिवार

बन्सी आज होडी घेऊन गेला. एकटा. नर्मदाने सकाळी सांगितलं. मी झोपाळा सोडून माडाच्या बुंध्याशी खुर्ची टाकली आणि दिवसाची सगळी कामं रिद्धीवर ढकलली. मध्ये तिने चहा आणून दिला, तोही माडाखालीच.

धुकं होतं. नऊ वाजले, साडेनऊ. मला वाटेल ते दिसत होतं. एकदा वाटलं हेच होडीत आहेत. मग धुक्यात एक काळा ठिपका आला, थांबला, थोडा माझ्या उजवीकडे, खडकांच्या बाजूला गेला. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. ओरडून उपयोग नव्हता, एवढ्या लांब कोण ऐकणार. मी नुसती माडाला हात लावून उभी होते. ठिपका हळूच वळला, डावीकडे आला, आणि मग होडीचं टोक सरळ माझ्याकडे झालं. कुठे न हलता, दोरी ओढल्यासारखी ती माझ्याच दिशेने येत राहिली, खडक ओलांडून, आत.

मी माडाखाली बसून राहिले.

२ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या ओट्यावर ताटली. केळीचं पान. दोन सरंगे, खवल्यांवर अजून पाणी.

मासे काढून ताटली घासायला घेतली आणि उलटी केली. मागे ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं आहे. मैनाबाई. माझ्या सासूबाई. सहा ताटल्यांतल्या तीन वाटणीत तिकडे गेल्या होत्या, मीच मोजून दिल्या होत्या. अठरा वर्षं मी ताटली कधी उलटी केली नाही. ह्यांनीही करू दिली नसणार.

केतनला माडावर चढायला लावलं. "आई, वाण्याकडे..." असं म्हणायला लागला, मग गप्प चढला. नारळ ताटलीत ठेवला. रिद्धी म्हणाली, मी नेऊन देऊ का? नाही म्हटलं.

आळीच्या टोकापर्यंत शंभर पावलं असतील. बन्सी ओट्यावर जाळं शिवत बसला होता, एक हात अजून जपून. नर्मदा आतून दारात आली आणि तिथेच थांबली. मी ताटली त्याच्यासमोर ठेवली. त्याने नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं, आणि बाजूला ठेवला. मग जाळं मांडीवरून सरकवून ओट्यावर जागा केली.

मी बसले. तो सुई-दोरा हातात फिरवत होता. शेवटी म्हणाला, "वैनी, चुन्यात नीळ जास्त पडली. दादा कमी घालायचा."

"पुढच्या वर्षी कमी घालीन," मी म्हटलं.